संगणकातील दिनदर्शिका आणि पास्काचा रविवार

युनिक्स नावाच्या संगणक-कार्यप्रणालीत 'कॅल' ही एक छोटीशी आज्ञा आहे. महिना आणि साल टंकित केले की त्या महिन्याचे पान पडद्यावर उमटते. कुणी १७५२ सालचा सप्टेंबर मागितला, तर मात्र चमत्कारिक पान समोर येते. बुधवारी २ तारीख आहे आणि लगेच गुरुवारी १४! मधले अकरा दिवस नाहीतच. नवख्या माणसाला वाटते, प्रोग्रॅम नीट बसलेला नाही. काढून पुन्हा बसवावा. वस्तुतः बिघाड कसलाही नाही. त्या महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ते अकरा दिवस खरोखरच गाळले होते. संगणकाने तो इतिहास प्रामाणिकपणे जपून ठेवला आहे, इतकेच.

आज आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत संगणक किंवा मोबाइल आहे आणि त्यात दिनदर्शिका आहे. विंडोज असो, मॅकिंटॉश असो वा लिनक्स असो, प्रत्येकीवर ती निराळ्या रीतीने बसवावी लागते. पण एकदा बसली की तारीख सगळीकडे एकच दिसते. ह्यामुळे आपला असा समज होतो की, तारीख ही सूर्योदयासारखी आपोआप येणारी गोष्ट आहे. इतिहास निराळे सांगतो. आजची सर्वमान्य दिनदर्शिका हा एक करार आहे. तो रोम येथे लिहिला गेला आणि देशोदेशी 'बसविण्यास' साडेतीनशे वर्षे लागली. त्या करारातील एक कलम आजही अपुरे आहे आणि ते आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या सणाविषयीचे आहे.

एका वैद्याचे टिपण

ख्रिस्तसभेला कालगणनेची चिंता लागली ती पास्कामुळे. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला आहे. पुनरुत्थानाचा सण मात्र सूर्य, चंद्र आणि आठवडा ह्या तिघांचा मेळ घालून ठरतो. २१ मार्च हा वसंतसंपात मानून, त्या दिवशी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा त्याचा हिशेब आहे. ही पौर्णिमासुद्धा आकाशातील नव्हे, कोष्टकातील असते. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या महासभेने सर्वांनी हा सण एकाच दिवशी साजरा करावा असे ठरविले. पुढे सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगुअस ह्या संन्याशाने आणि आठव्या शतकात इंग्लंडमधील संत बीड ह्यांनी त्याची गणिते लिहून ठेवली.

अडचण वर्षाच्या लांबीची होती. ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही चूक वाढत जाऊन सुमारे १२८ वर्षांत एक दिवस होते. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला होता आणि पास्काचा हिशेब आकाशापासून दहा दिवसांनी ढळला होता.

ह्यावर उपाय शोधला तो कॅलाब्रिया प्रांतातील अलॉयसियस लिलिओ ह्या वैद्याने. तो १५७६ साली निवर्तला. त्याचे हस्तलिखित त्याच्या भावाने रोम येथे सादर केले. लिलिओचा नियम शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. दर चौथे वर्ष लीप वर्ष. परंतु शतकाचे वर्ष असेल तर त्याला ४०० ने भाग जावयास हवा. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे होती. १७००, १८०० आणि १९०० ही नव्हती. हे १९०० साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याची गाठ पुढे पडणार आहे.

पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनी ही योजना एकदम लादली नाही. तिचा सारांश १५७७ साली छापून कॅथोलिक राजांकडे व विद्यापीठांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आला. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लॅव्हिअस ह्यांनी ती तपासली आणि पुढे आयुष्यभर तिचे समर्थन केले. २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोप महोदयांचे आज्ञापत्र निघाले. त्यानुसार गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ ह्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा दहा गळाल्या, पण आठवड्याचा वार एकही गळाला नाही. आविलाच्या संत तेरेजा त्याच रात्री स्वर्गवासी झाल्या; म्हणूनच त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो.

एक पंचांग, अनेक राज्ये

इटलीतील बहुतेक राज्ये, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंड ह्यांनी हे पंचांग ठरल्या दिवशीच स्वीकारले. फ्रान्सने त्याच वर्षी डिसेंबरात स्वीकारले. प्रॉटेस्टंट राजांना मात्र त्यात पोपचा हात दिसला. गणित बरोबर आहे हे अनेक विद्वानांस मान्य होते; परंतु गणित कुणाच्या हातून आले हा प्रश्न मोठा ठरला. जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० साली तारखा बदलल्या, तरी पास्काची पौर्णिमा ते आपल्या स्वतंत्र खगोलीय कोष्टकांवरून काढीत राहिले. परिणामी १७२४ आणि १७४४ ह्या दोन वर्षी एकाच देशात, एकच दिनदर्शिका भिंतीवर असताना, कॅथोलिकांचा आणि प्रॉटेस्टंटांचा पास्काचा रविवार वेगवेगळा आला.

स्वीडनची कथा तर अर्धवट बसविलेल्या प्रोग्रॅमचा नमुनाच आहे. तेथे असे ठरले की, अकरा दिवस एकदम न गाळता १७०० ते १७४० पर्यंतची लीप वर्षे वगळावीत, म्हणजे फरक हळूहळू भरून निघेल. १७०० चा लीप दिवस वगळला गेला. परंतु १७०४ आणि १७०८ चे राहून गेले. आता स्वीडनची तारीख जुन्याशीही जुळेना आणि नव्याशीही जुळेना. शेवटी जुन्याकडे परत जाण्यासाठी १७१२ साली फेब्रुवारीला दोन दिवस जोडावे लागले आणि त्या देशात ३० फेब्रुवारी हा दिवस उजाडला! नवे पंचांग तेथे आले ते १७५३ साली.

इंग्लंडने १७५२ मध्ये बदल केला तो पोप ग्रेगरींचे नाव न घेता. कायद्याला स्वतःची कोष्टके जोडली. त्यांतून पास्काच्या तारखा मात्र रोमच्याच निघत. रशियात हे पंचांग १९१८ साली आले, ग्रीसमध्ये १९२३ साली. 'कॅल'चा भाऊ 'एनकॅल' ह्या प्रोग्रॅममध्ये कोणत्या देशाने केव्हा बदल केला ह्याची यादीच अंतर्भूत आहे. देशाचे सांकेतिक नाव सांगावे आणि त्या देशाचे गाळलेले दिवस पाहावेत.

माहीमच्या खाडीचे दोन तीर

ह्या कथेचा एक धागा आपल्या उत्तर कोकणातून जातो. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती. साष्टी आणि मुंबईही त्यांच्याच ताब्यात होत्या. पोर्तुगालने नवे पंचांग स्वीकारल्यावर पूर्वेकडील त्याच्या मुलखातही ते आले. पुढे १६६१ च्या विवाह-कराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, १६६५ मध्ये ते इंग्रजांच्या हाती आले आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. इंग्रज अजून जुनेच पंचांग वापरीत होते. शिवाय त्यांचे सरकारी नववर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई.

ह्याचा अर्थ असा की, १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकून घेईपर्यंत, सत्तर वर्षांहून अधिक काळ माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर दोन तारखा नांदत होत्या. होडीने पार करता येणारी ती खाडी. पण पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज दप्तरात १० फेब्रुवारी १६९० असेल, तर अलीकडे कंपनीच्या दप्तरात तोच दिवस ३१ जानेवारी १६८९ म्हणून लिहिला जाई. १७०० नंतर हे अंतर अकरा दिवसांचे झाले. वसईच्या मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यास म्हणूनच तीन प्रकारची कागदपत्रे समोर ठेवावी लागतात: पोर्तुगीज पत्रे नव्या तारखेची, इंग्रजांची पत्रे जुन्या तारखेची आणि मराठी पत्रे तिथी, शक व शुहूर सनाची. तारीख वाचण्याआधी ती कुणी लिहिली हे विचारावे लागते.

जुन्या चर्चमधील नोंदवह्यांवरून आपल्या घराण्याची वंशावळ जुळविण्याचा छंद अलीकडे अनेक तरुणांना लागला आहे. तो स्तुत्य आहे. पण अशी माहिती संगणकात भरताना हा भेद ध्यानात ठेवावा. कित्येक प्रोग्रॅम १५८२ पूर्वीच्या तारखाही नव्या नियमानेच मागे मोजत नेतात. त्यांना गळालेले दिवस ठाऊकच नसतात. तेव्हा मूळ नोंदीत जे लिहिले असेल ते अक्षरशः जसेच्या तसे एका रकान्यात उतरवून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

संगणकाचा 'पहिला दिवस'

आपण वर्षे प्रभू येशूच्या जन्मापासून मोजतो. संगणकाच्या प्रत्येक कार्यप्रणालीनेही मोजणीसाठी आपापला आरंभदिन नेमला आहे. युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्स ह्या १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. विंडोजची आतली मोजणी १ जानेवारी १६०१ पासून सुरू होते. हे साल पाहून नवल वाटेल. पण ते लिलिओच्या नियमातूनच आले आहे. त्या नियमाचे आवर्तन ४०० वर्षांचे असते आणि १६०१ हे अशा एका आवर्तनाचे पहिले वर्ष आहे. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांचे बरोबर २०,८७१ आठवडे भरतात. म्हणजे चारशे वर्षांनी तारीख आणि वार पुन्हा जसेच्या तसे जुळतात. जुन्या मॅकिंटॉशने १ जानेवारी १९०४ हा आरंभ धरला. १९०० च्या लीप वर्षाची कटकटच नको, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

ही कटकट काय, ते हिशेबाच्या तक्त्यांनी दाखवून दिले. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ ह्या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरले. जो नियम चारशे वर्षांपूर्वी एका वैद्याने घालून दिला होता तो विसाव्या शतकातील यंत्रात उतरला नाही! पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने लोटसच्या फायली बिनचूक उघडता याव्यात म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजही एक्सेलला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मान्य आहे. तो दिवस आपल्या दिनदर्शिकेत कधीही उजाडला नव्हता.

शिवाय मॅकिंटॉशवरील एक्सेल पूर्वी १९०४ पासून मोजत असे आणि विंडोजवरील १९०० पासून. एका प्रणालीवरची तारीख निष्काळजीपणे दुसऱ्या प्रणालीवर उतरविली तर १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो. पॅरिश कार्यालयांत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९०० पूर्वीची तारीख एक्सेल 'तारीख' म्हणून ओळखतच नाही. ती नुसती अक्षरे म्हणून पडून राहते आणि क्रम लावताना घोटाळा होतो. १८९० सालचे बाप्तिस्मे नोंदवावयाचे असतील, तर दिवस, महिना आणि साल तीन वेगळ्या रकान्यांत लिहावेत. आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा यंत्राच्या सोयीखातर गहाळ होऊ नये.

सर्वांना वाचता येणारे पत्र

१९८४ च्या साइडकिकमध्ये आणि १९८५ च्या पहिल्यावहिल्या विंडोजमध्येही दिनदर्शिका होती. लिनक्ससाठी 'इव्होल्यूशन' २००१ अखेर आले, मॅकवर 'आयकॅल' २००२ मध्ये. सुरुवातीच्या ह्या दिनदर्शिका एकमेकींशी बोलत नसत. एकीतील नोंद दुसरीत न्यावयाची तर ती हाताने पुन्हा लिहावी लागे. प्रत्येक राज्याचे पंचांग वेगळे असण्याचाच तो प्रकार.

ह्यावरही तोडगा निघाला तो विचारविनिमयातून. १९९६ साली काही मोठ्या कंपन्यांच्या गटाने 'व्हीकॅलेंडर' हा सामाईक नमुना तयार केला. त्यावरून १९९८ मध्ये 'आयकॅलेंडर' हे इंटरनेटचे खुले मानक झाले आणि २००९ मध्ये ते सुधारून घेण्यात आले. त्याची फाइल साध्या मजकुराची असते; नावाच्या शेवटी 'आयसीएस' ही अक्षरे असतात. आउटलुक, अॅपलचे कॅलेंडर, थंडरबर्ड हे सारे तिला वाचू शकतात. थंडरबर्ड तर विंडोज, मॅक आणि लिनक्स ह्या तिन्हींवर बसते. त्यामुळे धर्मग्रामाच्या सणांची एकच फाइल केली, तर ती कोणत्याही घरी चालेल.

ती घेण्याच्या दोन रीती आहेत. फाइल आयात केली तर तिची प्रत आपल्याकडे येते आणि तेथेच थांबते. मूळ यादीत पुढे बदल झाला तरी आपल्याला कळत नाही. वर्गणीदार झालो, म्हणजे यादीचा पत्ता प्रोग्रॅमला दिला, तर तो वेळोवेळी मूळ यादी पाहून आपले पान दुरुस्त करतो. सणाची नोंद करताना ती 'पूर्ण दिवस' अशीच करावी हेही महत्त्वाचे. मध्यरात्रीची वेळ घालून केलेली नोंद टोरँटोतील आपल्या मुलाच्या पडद्यावर आदल्या दिवशी दिसेल.

ही दुसरी रीत ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे महागुरू दरवर्षी पत्र पाठवून त्या सालच्या पास्काची तारीख कळवीत. संत अथनासिअस ह्यांच्या ३६७ सालच्या अशाच सणपत्रात नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची यादी आहे. आजही प्रकटीकरणाच्या सणाला शुभवर्तमानानंतर राखेचा बुधवार, पास्का आणि पेन्टेकॉस्ट ह्यांच्या तारखा घोषित करण्याची प्रथा उपासनेत आहे. कुणी ही प्रथा जुनाट समजते. तारीख ही घरोघरी एकट्याने पाहण्याची गोष्ट नसून मंडळीने एकत्र ऐकण्याची गोष्ट आहे, ही जाण तिने टिकविली आहे.

जेथे यंत्र थांबते

दिनदर्शिकेत नाताळ एकदा लिहावा आणि 'दरवर्षी' ह्या पर्यायावर खूण करावी. तो जन्मभर येत राहील. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा ३ डिसेंबरचा सणही तसाच. परंतु पास्का असा लिहिता येत नाही. 'दरवर्षी', 'दरमहा', 'तिसरा रविवार' असले नियम आयकॅलेंडरला कळतात. पौर्णिमेनंतरचा रविवार कळत नाही. ज्याने पास्का 'दरवर्षी' म्हणून नोंदविला, त्याची दिनदर्शिका पुढच्या वर्षी चुकीचा दिवस दाखवील. तारखांची यादीच बनवून द्यावी लागते. ती बनविणे मात्र कठीण नाही. गाउस ह्या जर्मन गणितीने १८०० साली त्यासाठी सूत्र प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये डोनाल्ड नुथ ह्या संगणकशास्त्रज्ञाने पास्काच्या गणनेवर लेख लिहिला. 'एनकॅल' तर आपली तारीखही सांगते आणि ऑर्थोडॉक्स बंधूंचीही, दोन वेगवेगळ्या खुणांनी.

दोन खुणा! येथे गणित संपते. बहुतेक ऑर्थोडॉक्स सभा पास्कासाठी अद्याप जुन्या पंचांगाचा २१ मार्च धरतात. तो आपल्या ३ एप्रिलला येतो. २०२४ साली आपला पास्का ३१ मार्चला होता, त्यांचा ५ मे रोजी. एकाच प्रभूच्या एकाच पुनरुत्थानाचा आनंद आपण पाच आठवड्यांच्या अंतराने साजरा केला.

आपल्या ख्रिस्तसभेने ह्या बाबतीत दार उघडे ठेवले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक दस्तऐवजाच्या परिशिष्टात म्हटले की, इतर ख्रिस्ती बांधवांची संमती असल्यास पास्का एका ठराविक रविवारी आणण्यास आपला विरोध नाही. सात दिवसांच्या आठवड्याची साखळी मात्र तुटू नये. १९९७ साली सीरियातील अलेप्पो येथे निरनिराळ्या सभांच्या प्रतिनिधींनी सुचविले की, जेरुसलेमच्या रेखांशावर खऱ्या खगोलगणिताने पौर्णिमा काढावी आणि सर्वांनी ती मानावी. नायसियाच्या महासभेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ मध्ये दोन्ही पास्का २० एप्रिललाच आले. त्याच वर्षी २५ जानेवारीला पोप फ्रान्सिस ह्यांनी सर्वांना हवी असलेली एकोप्याची तारीख स्वीकारण्याची आपली तयारी पुन्हा बोलून दाखविली. त्या सामाईक पास्काच्या दुसऱ्याच दिवशी ते प्रभूकडे गेले.

नियम लिहावयास लिलिओला काही वर्षे पुरली. तो मान्य व्हावयास शतके लागली, कारण मने जुळावयास वेळ लागतो. अलेप्पोच्या प्रस्तावाचे गणित आजचा कोणताही संगणक क्षणात करील. उणीव आहे ती एकत्र बसून 'होय' म्हणण्याची, आणि ते माणसांनीच म्हणावयाचे आहे.

तोवर प्रत्येक कुटुंबाला एक छोटी गोष्ट करता येईल. प्रकटीकरणाच्या रविवारी तारखा ऐकून घरी आल्यावर मुलांना दिनदर्शिकेत आपला पास्का नोंदवावयास सांगावे आणि शेजारी ऑर्थोडॉक्स बंधूंचाही नोंदवावा. २०२७ साली ते २८ मार्च आणि २ मे असे दोन दिवस असतील. २०२८ साली दोघांसाठी एकच नोंद पुरेल: १६ एप्रिल.